दीडशे कोटी वर्षांचा पाव्हणा

भूपाल आण्णा बिरनाळे आपल्या जावयाला 'पाव्हणं' म्हणत. तासगाव भागात जावयाला पाव्हणं म्हणायची रीतच आहे, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. फक्त हे पाव्हणं लग्नानंतर आठवड्याभरात एक बॅग आणि एक सूक्ष्मदर्शक घेऊन आले ते एकोणीस वर्षं परत गेलेच नव्हते.

पाव्हण्यांचं नाव भरतेश चौगुले. तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. त्रिशला ही आण्णांची एकुलती एक लेक. आई तिच्या लहानपणीच गेलेली. बेदाण्याचं शीतगृह, सौद्याचा हॉल आणि वडील एवढा पसारा सोडून ती सासरी जाणार कशी? म्हणून सासरच तिच्याकडे आलं. आल्यावर भरतेशनं एकेक गोष्ट घराच्या स्वाधीन केली. पगार घरात, स्कूटर शीतगृहाच्या कामाला आणि मत आण्णांच्या मतात. 'तुम्ही म्हणाल तसं' हे वाक्य तो इतक्या सफाईनं म्हणायचा की समोरच्याचं म्हणणं पूर्ण व्हायच्या आधीच ते संपलेलं असायचं. लग्नपत्रिकांतसुद्धा त्याला 'बिरनाळ्यांचे जावई' म्हणूनच आमंत्रण यायचं.

एक गोष्ट मात्र त्यानं दिली नाही. दुपारची झोप. जेवण झालं, अंग जड वाटलं, की तो असेल तिथं आडवा व्हायचा. शीतगृहाच्या ऑफिसातल्या बाकावर, बेदाण्याच्या रिकाम्या खोक्यांवर, एकदा तर चालू सौद्यात. आण्णांना ते बिलकूल खपायचं नाही. "प्राध्यापक माणूस हाय, डोक्याचं काम असतंय," असं ते लोकांना सांगायचे, पण सांगताना त्यांचा चेहरा कडू बेदाणा चावल्यासारखा व्हायचा.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी आण्णांनाच शीतगृहाचा जिना चढवेना. पुण्याच्या डॉक्टर केतकी हेर्लेकर यांनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदयाच्या झडपा ठीक, नळ्या ठीक. "पेशींमधली वीजघरं म्हातारी झालीत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी नव्यानं निघालेला एक उपचार सुचवला. कंपनीनं त्याचं नाव ठेवलं होतं 'एकछत्र'.

आण्णा सही करण्याआधी माल हातात घेऊन बघणारे गृहस्थ. संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली तसं त्यांनी जावयाला समोर बसवलं.

"पाव्हणं, ही वीजघरं म्हंजे काय भानगड हाय?"

"तंतुकणिका म्हणतात त्यांना, आण्णा. खरं म्हणजे त्या मूळच्या आपल्या नव्हेतच. दीडशे कोटी वर्षांपूर्वी, कदाचित त्याच्याही आधी, एक जिवाणू दुसऱ्या एका पेशीत शिरला. गिळला गेला म्हणा, आपणहून आला म्हणा, बघायला कोणी नव्हतं. त्या पेशीनं त्याला पचवलं नाही. हा आत बसून प्राणवायूवर अन्न जाळायचा आणि निघालेली ऊर्जा यजमानाला द्यायचा. यजमानाला परवडलं. तो राहिला."

"राहिला म्हंजे?"

"अजून आहे. तुमच्या-माझ्या जवळजवळ प्रत्येक पेशीत. शेकड्यांनी."

आण्णांनी जावयाकडं जरा वेळ निरखून बघितलं. "पाव्हणा म्हणून आला, आन् राहिला."

"हो."

पलीकडं त्रिशला वडिलांच्या लेंग्यात नाडी ओवत बसली होती. तिनं मान खाली घातली, पण खांदे हलले ते हललेच.

भरतेशनं पुढचं सांगितलं. या पाहुण्याकडं स्वतःची बाडबिस्तरा भरून जनुकं होती. जनुक म्हणजे एकेक प्रथिन कसं बनवायचं त्याची कृती. राहता राहता त्यानं त्या कृती यजमानाच्या मुख्य तिजोरीत, म्हणजे पेशीच्या केंद्रकात, जमा केल्या. आता त्याला लागणारी हजारावर प्रथिनं बाहेर बनतात आणि त्याच्याकडं पाठवली जातात. पण पाठवायची कशी? त्याच्याभोवती दोन भिंती आहेत, आणि भिंतींतून जायला इतकी अरुंद दारं की गुंडाळी झालेलं प्रथिन त्यातून जातच नाही.

"त्रिशला, ती नाडी दाखव जरा," तो म्हणाला. "हे बघा आण्णा. नाडीच्या तोंडाला सेफ्टी पिन लावली, म्हणून ती नेफ्यातून पुढं सरकते. प्रथिनाच्या तोंडाला तशीच एक छोटी पट्टी असते. तिच्यावरून दाराला कळतं की हा माल इथलाच. मग ते प्रथिन सरळ, उलगडलेलं, नाडीसारखं आत ओढलं जातं. आत पोचलं की पिन काढून टाकायची. आतल्या कात्रीनं ती पट्टी कापली जाते, आणि मग प्रथिन आपली हवी तशी घडी घालून कामाला लागतं."

"आन् नाडीला गाठ बसली तर?"

"तीच तर अडचण होती. तेरा प्रथिनं अशी आहेत की ती अतिशय तेलकट. बाहेर पाण्यात बनली की तिथंच त्यांचा गोळा होतो, दाराशी तुंबतात. म्हणून त्या तेरांच्या कृती पाहुण्यानं अजून स्वतःजवळच ठेवल्या आहेत. पण त्याचं घर म्हणजे भट्टी. भट्टीच्या शेजारी ठेवलेल्या कृती वर्षानुवर्षं करपत जातात. म्हातारपण आलं म्हणतो ते बऱ्याच अंशी हेच. आता या एकछत्रवाल्यांनी त्या तेरा कृतीसुद्धा तिजोरीत न्यायची युक्ती काढली. प्रथिन बरोबर दारातच बनवायचं. एकीकडून बनतंय, दुसरीकडून आत ओढलं जातंय. गाठ बसायला सवडच नाही."

आण्णांना हिशेब पटला. एवढ्या मोठ्या संसारात तेरा वस्तू कुणी वेगळ्या ठेवतं हेच त्यांना मुळात पटलेलं नव्हतं. "सगळं दिलं, मग तेरा कशापायी दाबून ठिवायच्या? न्या म्हणावं तिजोरीत."

"त्यावर दुसरंही एक मत आहे, आण्णा," भरतेश म्हणाला. "काहींचं म्हणणं असं की गाठीचं निमित्त आहे. ती तेरा प्रथिनं म्हणजे भट्टीचे नळ आहेत. भट्टी केव्हा मंद करायची ते जागच्या जागी ठरवता यावं म्हणून..."

"पाव्हणं, करू न्हवं का आपण हे?"

भरतेश थांबला. "तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला, आणि उठला.

उपचार झाला. दोन महिन्यांत आण्णा जिना चढू लागले, चौथ्या महिन्यात ते तो दोन-दोन पायऱ्या टाकत चढू लागले, आणि त्यानंतर घरादाराचं जिणं अवघड झालं. पहाटे उठून ते द्राक्षबागेत जायचे आणि फवारणीच्या ड्रोनच्या मागून पायी चालत त्याच्या चुका काढायचे. विनाचालक ट्रक शीतगृहाच्या दाराशी लागला की यंत्राची वाट न बघता स्वतःच खोकी उतरवायचे. ऑफिसातल्या खुर्च्या त्यांनी काढून टाकल्या. भरतेशच्या बाकाची गच्छंती झाली, तेव्हा तो मुकाट्यानं चटई घेऊन आला.

"पाव्हणं, तुमच्यापेक्षा मी अठ्ठावीस वर्षांनी म्हातारा हाय," आण्णा चटईजवळ उभं राहून म्हणायचे.

"होय आण्णा," भरतेश डोळे मिटूनच म्हणायचा.

त्रिशला खूश होती. बाप असा हसताखेळता तिनं आई गेल्यापासून बघितला नव्हता. म्हणून एका दुपारी जे झालं ते तिनं हसण्यावारी नेलं. आण्णा हमालांशी दराबद्दल तावातावानं बोलत होते. वाक्य अर्धं झालं आणि ते बेदाण्याच्या खोक्यांवर कलंडले. ना जांभई, ना घाम, ना 'जरा बसतो'. काही मिनिटांनी डोळे उघडले आणि वाक्याचा उरलेला अर्धा भाग पूर्ण केला.

"जावयाचा वारा लागला!" हमाल म्हणाले. सगळे हसले. भरतेशही हसला, पण त्या दिवशी त्याला दुपारची झोप लागली नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

त्यानं हेर्लेकर बाईंना फोन लावला.

"चक्कर असेल हो," त्या म्हणाल्या. "आमच्या एकाही रुग्णानं थकव्याची तक्रार केलेली नाही."

"बाई, तक्रार करायला आधी थकवा कळायला नको का?"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "मी बाकीच्यांची चौकशी करते."

भरतेशच्या डोक्यात ते अर्धवट राहिलेलं दुसरं मत पुन्हा पुन्हा येत होतं. अंगातली शिदोरी कमी पडायला लागली की एरवी एकेक तंतुकणिका आपापली भट्टी मंद करते. कुणी या पायात, कुणी त्या पायात, कुणी पाठीत. कुणाला विचारत नाही. पाय जड होतात, माणूस म्हणतो 'दमलो बाबा', आणि बसतो. आण्णांच्या भट्ट्यांचे नळ आता एकाच तिजोरीतून चालत होते. तिथून हुकूम निघेपर्यंत सगळ्या भट्ट्या सारख्याच पेटलेल्या राहणार, आणि संपतील तेव्हा सगळ्या एकदम संपणार.

अशात भाद्रपद आला. जैनांचं दशलक्षण पर्व सुरू झालं आणि आण्णांनी मंदिरात जाऊन दहा दिवसांच्या उपवासाचा नियम घेतला. दहा दिवस अन्न नाही. पाणी दिवसातून एकदा, उकळून गार केलेलं, आणि तेही सूर्यास्ताच्या आत. आयुष्यभर त्यांची ही इच्छा होती. तरुणपणी एकदा धरलेला उपवास चौथ्या दिवशी चक्कर येऊन सोडावा लागला होता आणि ते शल्य त्यांनी पन्नास वर्षं सांभाळलं होतं. कंपनीच्या सूचनापत्रकात दारू, तंबाखू, विमानप्रवास आणि खोल पाण्यात पोहणं यांच्याबद्दल बारीक अक्षरात सगळं होतं. दशलक्षण पर्वाबद्दल काही नव्हतं. पत्रक लिहिणाऱ्यांच्या गावात ते होत नसावं.

मंदिरात आणखी सातजण उपवासाला बसले होते. पाचव्या दिवसापासून त्यांचे आवाज खाली आले. ते भिंतीला टेकून बसायचे, हळू उठायचे, कुणी बोललं की आधी मान हलवायचे आणि मग उत्तर द्यायचे. आण्णा मात्र त्यांना वारा घालायचे, त्यांच्यासाठी सतरंज्या उचलायचे, पूजेला सगळ्यांच्या आधी हजर व्हायचे. गाव दर्शनाला यायला लागलं. अकराव्या दिवशी पारण्याला मिरवणूक काढायचं ठरलं आणि बँडवाल्याला निरोप गेला.

नवव्या दिवशी संध्याकाळी हेर्लेकर बाईंचा फोन आला. आवाज बदललेला होता.

"चौगुले सर, दोघं गेले. एकजण लांबच्या शर्यतीत पळत होता. एक आजी नातवाच्या वरातीत नाचत होत्या. दोघांनाही शेवटपर्यंत काही झालं नव्हतं. तुमच्याकडं सगळं ठीक?"

"आण्णांचा उपवासाचा नववा दिवस आहे."

"काय?" बाई ओरडल्याच. "त्यांच्या नखांचा रंग बघा. हात गार आहेत का बघा. असतील तर त्यांना आत्ता, या क्षणी बसवा आणि पोटात काहीतरी जाऊ द्या. उद्यावर टाकू नका. रात्रीचा भरवसा मी देत नाही."

आण्णा अंगणात उभे राहून पारण्यासाठी घातलेल्या मांडवाच्या बांबूला दोरी आवळत होते. भरतेशनं जाऊन त्यांचा हात हातात घेतला. शीतगृहातून काढलेल्या खोक्यासारखा गार. नखं निळसर.

"आण्णा, बसा."

"आँ? व्हय, ही गाठ मारतो आन्..."

"गाठ राहू दे. बसा आधी."

एकोणीस वर्षांत त्या अंगणात त्या आवाजात कुणी आण्णांशी बोललं नव्हतं. निदान पाव्हणं तरी नाहीच. आण्णा दोरीसकट ओट्यावर बसले, ते मुख्यतः आश्चर्यानं. त्रिशला स्वयंपाकघरातून धावत आली. भरतेशनं फोनवरचं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

"मग दवाखान्यात नेऊ या," ती म्हणाली.

"सांगलीला पोचायला तास जाईल. पोटात आत्ता काहीतरी जायला हवं. आणि दिवस मावळायला आलाय."

तिघांनीही पश्चिमेकडं बघितलं. सूर्य शीतगृहाच्या पत्र्याला टेकला होता. तो खाली गेला की आण्णा उद्या उजाडेपर्यंत पाण्याचा थेंबही घेणार नाहीत, हे तिघांनाही माहीत होतं, आणि त्याबद्दल बोलण्यात अर्थ नव्हता.

"त्रिशला, मुगाचं पाणी आहे?"

"शेजारच्या आजारी माणसासाठी आत्ताच उकळलंय. पण अहो, त्यांचा नियम..."

"पाव्हणं," आण्णा म्हणाले. आवाज खणखणीत होता, हीच भीतीची गोष्ट होती. "एकच दिवस ऱ्हायलाय. पन्नास वर्षं मी या एका गोष्टीसाठी तळमळलोय. मला कायबी होत न्हाई. घेतलेला नियम मोडाय सांगताय तुम्ही मला? जावई असून?"

"आण्णा, आपल्यात तप शक्तीप्रमाणं करायचं सांगितलंय. खरं का खोटं?"

"खरं."

"ते सातजण भिंतीला टेकून बसलेत. त्यांना आपली शक्ती किती राहिली ते कळतंय, म्हणून त्यांचं ते तप. तुमची किती राहिली सांगा बघू."

"भरपूर हाय की."

"त्या नाचणाऱ्या आजीसुद्धा हेच म्हणाल्या असत्या. आण्णा, उपवास म्हणजे भूक लागते, अंग मोडतं, आणि तरी माणूस धरून ठेवतो. तुम्हाला नऊ दिवसांत भूक लागली? अंग मोडलं? एकदा तरी 'आता पुरे' वाटलं?"

आण्णा दोरीचं टोक बोटांना गुंडाळत राहिले. चौथ्या दिवशी चक्कर येऊन पडलेला तरुण त्यांना आठवत असावा. त्याचा त्यांना पन्नास वर्षं राग होता.

"न्हाई वाटलं," ते म्हणाले. "मला वाटत होतं, पुण्य फळाला आलं."

त्रिशलानं तोंडाला पदर लावला.

"मग आता मला कळायचं कसं, पाव्हणं? किती झालं ते? जन्मभर असंच का? कुणाला विचारायचं?"

"मला," भरतेश म्हणाला. "त्या तेरा गोष्टी काढून घेताना मी बोलायला हवं होतं, बोललो नाही. आता बोलतोय. मला विचारायचं. बसा म्हटलं की बसायचं, पुरे म्हटलं की पुरे."

सूर्य पत्र्याच्या निम्मा खाली गेला होता. त्रिशला आत गेली आणि वाटी घेऊन आली. आण्णांनी हात जोडले, ओठांतल्या ओठांत काही म्हणाले, णमोकार मंत्र असेल, क्षमायाचना असेल, आणि वाटी तोंडाला लावली. दोन घोट गेले आणि त्यांचे हात थरथरायला लागले. मग खांदे. मग सगळं अंग. नऊ दिवसांची थकावट कुठं दबा धरून बसली होती कोण जाणे, ती एकदम आली. भरतेशनं मागून धरलं नसतं तर ते ओट्यावरून खाली आले असते. उरलेली वाटी त्यानं चमच्यानं पाजली. शेवटचा चमचा गेला तेव्हा पत्र्यावर लाल कड तेवढी उरली होती. सांगलीहून रुग्णवाहिका आली ती त्यानंतर.

आठवड्यानं आण्णा घरी आले. मुनिमहाराजांकडं जाऊन त्यांनी नियम मोडल्याचं सांगितलं, प्रायश्चित्त मागितलं. महाराजांनी रोज एक माळ जपायला सांगितली, आणि ती बसून जपायला सांगितली.

एकछत्र उपचार बंद झाला नाही. कंपन्या इतक्या सहज दमत नाहीत. पत्रकात मात्र एक ओळ वाढली: 'रुग्णासोबत सदैव एक थकणारी व्यक्ती असावी.' पुण्या-मुंबईकडं अशा व्यक्ती पुरवणाऱ्या संस्था निघाल्या. अनुभवाची अट, रात्रपाळीचे वेगळे दर. निवृत्त सरकारी नोकरांना तिथं विशेष मागणी असल्याचं ऐकिवात आहे. पुढं नळ पुन्हा जागच्या जागी बसवायचं संशोधन सुरू झालं, पण ते हातात यायला वेळ होता.

बिरनाळ्यांच्या घरी संस्थेची गरज पडली नाही. ऑफिसात खुर्च्या परत आल्या. बाकही आला, आणि शेजारी आणखी एक बाक आला. कॉलेजातून भरतेश दुपारी थेट शीतगृहावर येऊ लागला.

दिवाळीनंतरचा पहिला मोठा सौदा होता. हॉल भरलेला. आण्णा व्यापाऱ्याच्या हातावर रुमाल टाकून, इतरांना दिसू नये असं त्याखाली बोटं दाबून दर ठरवत होते, समोरचा हटत नव्हता, आण्णाही हटत नव्हते, आणि सगळा हॉल त्या रुमालाकडं बघत होता. आण्णा एकाएकी थांबले. रुमाल तसाच ठेवून ते मागं वळले.

"पाव्हणं," त्यांनी भर सौद्यात विचारलं, "मी दमलोय का?"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. त्या भागात आता सगळ्यांना ठाऊक होतं.

भरतेशनं सासऱ्याची नखं बघितली. मग आपल्या गुडघ्यांचं मत घेतलं. कॉलेजला सुट्टी होती, त्यामुळे सकाळपासून दोघं बरोबरच उभे होते.

"दमलाय, आण्णा."

"थांबा हो जरा," आण्णा व्यापाऱ्याला म्हणाले. "दर हितंच ऱ्हाऊ द्या. मी दमलोय."

आणि जाऊन आपल्या बाकावर आडवे झाले. शेजारच्या बाकावर पाव्हणं कधीच झोपले होते.